पाडव्याचा मेसेज आणि तीन नंबरचं लेणं

दर वर्षी पाडव्याच्या दोन दिवस आधी तो मेसेज येतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. इ.स. ७८ मध्ये गौतमीपुत्र सातकर्णीने शकांचा पराभव केला, त्या विजयाच्या आनंदात लोकांनी घरोघरी गुढ्या उभारल्या आणि त्याच दिवसापासून शालिवाहन शक सुरू झाला. सोबत आपल्या पांडवलेण्यांचा फोटो. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत: पुरावा – नाशिकचा शिलालेख.

मंडळी, मला अडचण आहे ती या शेवटच्या ओळीची. बाकी मजकूर नागपूरचा किंवा साताऱ्याचा माणूस वाचतो आणि म्हणतो, नाशिकला शिलालेख आहे म्हणतात ना, मग खरंच असणार. त्याला काही गाडी काढून बघायला यायला जमत नाही. आपलं तसं नाही. मुंबई हायवेला, फाळके स्मारकाच्या डोक्यावर तो डोंगर उभा आहे. आपल्या नावावर कोणी साक्ष खपवत असेल, तर ती साक्ष नेमकं काय सांगते हे आपण नाही बघायचं तर कोणी बघायचं?

आमच्या धंद्यात एक जुनी पद्धत आहे. तालुक्याहून बातमी आली की डेस्कवरचा माणूस तीन गोष्टी विचारतो. कोण म्हणतंय? त्याला कसं माहीत? आणि त्याच्याशिवाय दुसरं कोण म्हणतंय? तिसऱ्या प्रश्नावर निम्म्या बातम्या गळतात. हेच तीन प्रश्न घेऊन तीन नंबरच्या लेण्यात जाऊ.

लेण्याच्या ओसरीच्या मागच्या भिंतीवर, वरच्या अंगाला तो प्रसिद्ध लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. मेसेज वाचून वाटतं की हा लेख गौतमीपुत्राने विजयानंतर कोरून घेतला. तसं नाही. लेख त्याच्या आईचा आहे, गौतमी बलश्रीचा. काळ तिच्या नातवाचा: वासिष्ठीपुत्र पुळुमावीचं १९ वं वर्ष, उन्हाळ्याचा दुसरा पंधरवडा, दिवस तेरावा. निमित्त आहे लेणं भिक्षूंना दान देण्याचं. ते देताना या बाईने मुलाचं मोठं वर्णन कोरून घेतलंय. तो कोणकोणत्या देशांचा राजा होता, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने शक, यवन, पल्हवांचा नाश केला, क्षहरातांचा वंश निखालस संपवला, सातवाहन कुळाचं यश पुन्हा उभं केलं. क्षहरात म्हणजे नहपान क्षत्रपाचं घराणं. नाशिकचा हा सगळा मुलूख त्याआधी त्यांच्या ताब्यात होता.

आता पहिला प्रश्न. कोण म्हणतंय? आई म्हणतेय. मुलाबद्दल आईची साक्ष कोर्टात किती धरतात ते तुम्हाला माहीत आहे. त्यातून ही राजाची आई, आणि लेख प्रशस्तीचा. प्रशस्तीत घोडे समुद्राचं पाणी पितातच. म्हणजे फक्त हा लेख हातात असेल तर प्रामाणिकपणे एवढंच म्हणता येईल की गौतमीपुत्राच्या घरच्यांचा दावा असा होता. ‘दावा होता’ आणि ‘घडलं’ यांच्यामध्ये बरंच अंतर आहे.

ते अंतर भरून निघतं कसं, हा मला या डोंगरावरचा सगळ्यात मोठा किस्सा वाटतो. मेसेज लिहिणाऱ्याने तोच सोडून दिलाय.

आधी शेजारचाच पुरावा. त्याच ओसरीच्या पूर्वेकडच्या भिंतीवर खुद्द गौतमीपुत्राचा एक हुकूम आहे. वर्ष १८. वैजयंतीच्या लष्करी तळावरून तो गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला लिहितो की अमुक गावातलं २०० निवर्तनं शेत, जे आजवर उषवदाताकडे होतं, ते आम्ही या भिक्षूंना देत आहोत. गोवर्धन म्हणजे गंगापूरच्या अलीकडे-पलीकडे पसरलेलं आपलं गोवर्धन. आणि उषवदात कोण? नहपानाचा जावई. इथे काही कविता नाही, प्रशस्ती नाही. तलाठ्याच्या दप्तरात बसेल असा कोरडा कागद आहे. शेत कालपर्यंत जावयाच्या नावावर होतं, आज नवा राजा ते दुसऱ्याला देतोय. अशा कोरड्या कागदावर माझा विश्वास आईच्या कौतुकापेक्षा जास्त बसतो, कारण त्याला कोणाला दिपवायचं नाहीये.

तरीही दोन्ही साक्षी एकाच घराच्या. तिसरा प्रश्न शिल्लकच राहतो, दुसरं कोण म्हणतंय?

ते उत्तर १९०६ साली जमिनीतून निघालं. सिन्नर तालुक्यात गोदाकाठी जोगलटेंभी गाव आहे. तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,००० हून जास्त नाणी, सगळी नहपानाची. एका बाजूला राजाचा मुखवटा, भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठीतलं नाव. आणि त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर, नहपानाच्या त्याच तोंडावर, गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हा मारलेला! तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ, भोवती त्याचं नाव, मागे उज्जैनचं चिन्ह. काही नाण्यांवर खालून नहपानाचं नाक-कपाळ अजून डोकावतं.

पुरावा म्हणून ही नाणी इतकी भक्कम का, ते जरा थांबून बघू. एक तर ती आईने मारलेली नाहीत आणि भिक्षूंसाठीही नाहीत, ती बाजारासाठी आहेत. दुसरं, एका राजाचा पैसा दुसऱ्याने हजारोंनी गोळा करून त्यावर आपला शिक्का ठोकायचा, तर त्याच्याकडे त्या मुलखाची सत्ता लागते. तिसरं, मधल्या दुसऱ्या कुठल्या राजाचं नाणं साठ्यात नाही. नहपान गेला आणि गौतमीपुत्र आला, मध्ये कोणी नाही. आणि चौथं मला सगळ्यात आवडतं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासावरचं पुस्तक १८८४ साली लिहिलं. नाशिकच्या लेखांवर तर त्यांनी त्याच्याही दहा वर्षं आधी काम केलेलं होतं. गौतमीपुत्राने क्षहरातांची सत्ता उखडून आपल्या घराण्याचं राज्य परत मिळवलं, हा निष्कर्ष त्यांनी लेखांवरून तेव्हाच काढला होता. पंडित भगवानलाल इंद्रजींनी लेख वाचले, ते १८८८ ला गेलेही. जोगलटेंभीचा साठा त्यानंतर किती वर्षांनी निघाला बघा. म्हणजे नाणी बघून लेखाचा अर्थ लावला, असं कोणी म्हणू शकत नाही. अर्थ आधी लागला, दुजोरा मागून आला.

म्हणून नहपानाची सत्ता गौतमीपुत्राने संपवली, हे विधान मी बिनधास्त छापीन. आईची प्रशस्ती, जमिनीचा हुकूम आणि शत्रूच्या नाण्यांवरचा ठसा, तिन्ही वेगवेगळ्या कामांसाठी केलेल्या वस्तू एकच गोष्ट सांगतात.

पण चांगला पुरावा हातात आला की माणूस त्याच्याकडून जास्तीचं काम करून घ्यायला बघतो. हे फक्त व्हॉट्सॲपवाल्यांचं नाही, मोठ्यांचंही होतं. त्याच भांडारकरांनी त्याच लेखावरून आणखी एक गोष्ट मांडली होती. गौतमीपुत्र आणि पुळुमावी, बाप-लेक, एकाच वेळी राज्य करत होते म्हणे. आधार काय? एक, लेखात बलश्रीला महाराजाची आई आणि महाराजाची आजी असं दोन्ही म्हटलंय. दोघेही राज्यावर असल्याशिवाय असं म्हणण्यात अर्थ काय? दोन, मुलगा मेलेला असेल तर राज्यावर असलेल्या नातवाचं कौतुक सोडून १९ वर्षांपूर्वी गेलेल्याचं कौतुक कोण करील?

वाचताना पहिल्यांदा पटतं. मग जरा विचार करा. एखादी आजी ‘माझा मुलगा मामलेदार, माझा नातू मामलेदार’ असं म्हणते, तेव्हा मुलगा हयात असायलाच पाहिजे का? मुलगा रिटायर होऊन किंवा देवाघरी जाऊन वीस वर्षं झाली तरी ती असंच म्हणणार. आणि दुसऱ्या मुद्द्याचं तर मला नवलच वाटतं. गेलेल्या मुलाचं कौतुक आई करणार नाही तर कोण? नातू राज्यावर आहे, त्याचे दिवस पुढे आहेत. ही म्हातारी मुलासाठी लिहून घेतेय.

त्यात एक बारीक गोष्ट आहे. मघाशी सांगितलेल्या हुकुमाच्या खालीच दुसरा हुकूम आहे, वर्ष २४ चा. तो गौतमीपुत्र आणि राजमाता दोघांच्या नावे आहे. मजकूर असा, की आधी दिलेलं शेत कोणी कसत नाही, गाव वसत नाही, तर त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या सरकारी जमिनीतलं १०० निवर्तनं शेत घ्या. (दिलेली जमीन कामाची निघाली नाही म्हणून बदली जमीन! सरकारी कारभाराची परंपरा आपल्याकडे किती जुनी आहे बघा.) या हुकुमात राजमातेला एक विशेषण लावलंय, ‘जिवसुता’. जिचा मुलगा जिवंत आहे अशी. पुळुमावीच्या १९ व्या वर्षीच्या लांबलचक लेखात बलश्रीला विशेषणं भरपूर आहेत. सत्य, दान, क्षमा, अहिंसा, तप, उपवास, सगळं आहे. ‘जिवसुता’ नाही.

एक शब्द नाही म्हणून निकाल देता येत नाही, हे मान्य. पण भांडारकरांच्या दोन मुद्द्यांइतकं वजन त्यालाही आहे, आणि पुढच्या बहुतेक अभ्यासकांनी ती संयुक्त राज्याची कल्पना सोडून दिली. भांडारकर त्यामुळे लहान होत नाहीत. एकाच माणसाचं एक विधान पुराव्यावर भक्कम उभं राहतं आणि दुसरं डगमगतं, तर विधान-विधान वेगळं तपासायचं. माणूस एकदम पास किंवा नापास करायचा नसतो.

आता येऊ पाडव्याच्या मेसेजकडे. त्यातला पराभवाचा भाग खरा, ते वर झालं. राहिला शक. नाशिकच्या लेखात शक सुरू केल्याचं काय लिहिलंय? एक अक्षर नाही. गुढीचं? नाही. ७८ चं? नाही. बलश्रीने मुलाच्या कौतुकात घोड्यांच्या पाण्यापर्यंत सगळं लिहवून घेतलं, आणि मुलाने नवी कालगणना सुरू केली एवढी मोठी गोष्ट ती विसरली?

बरं, लिहायचं राहिलं असेल असं धरू. मग वापर तर दिसायला हवा. उषवदाताचं शेत भिक्षूंना देणारा हुकूम म्हणजे विजयानंतरचा अगदी ताजा कागद. त्यावर वर्ष आहे १८. विजयापासून शक सुरू झाला असता तर तिथे १ किंवा फार तर २ हवं होतं. हे १८ त्याच्या स्वतःच्या राज्यारोहणापासूनचं. मुलगा आला तर आकडा पुन्हा एकपासून, म्हणून पुळुमावीचं १९. पुढे यज्ञ सातकर्णीचा लेख याच डोंगरावर आहे, त्यावर वर्ष ७. म्हणजे ज्या घराण्याने शक सुरू केला म्हणतात, त्या घराण्याने तो स्वतः कधी वापरलाच नाही.

मग सलग आकडा कोणी चालवला? बसायला सांगतो, कारण इथे मेसेज उलटा होतो. तो चालवला शकांनी. नहपानानंतर चष्टनाचं क्षत्रप घराणं आलं. कच्छमधल्या अंधौच्या लेखांवर वर्ष ५२ आहे. चष्टनाचा नातू रुद्रदामन, त्याचा गिरनारजवळचा जुनागढचा लेख वर्ष ७२ चा, म्हणजे इ.स. १५०. पुढे तीनशे वर्षांच्या आसपास या घराण्याच्या लेखांवर आणि नाण्यांवर तोच आकडा वाढत जातो. बदामीच्या तीन नंबरच्या लेण्यात (तिथेही तीनच) चालुक्य मंगलेशाचा लेख आहे, शक ५००, म्हणजे इ.स. ५७८. तो या गणनेचं वर्णन करताना शक राजाच्या राज्याभिषेकापासूनची वर्षं असं म्हणतो. राज्याभिषेकापासून, पराभवापासून नव्हे! सन १०३० च्या सुमारास अल-बिरुनी लिहितो, तोवर गोष्ट फिरलेली होती: शक राजा मारला गेला तेव्हापासून ही गणना. पण मारणारा कोण? त्याच्याकडे विक्रमादित्याचं नाव आहे. शालिवाहनाचं नाव शकाला चिकटलेलं दिसतं ते साधारण तेराव्या शतकापासून. गौतमीपुत्रानंतर हजारावर वर्षांनी.

‘म्हणजे ७८ ला पराभव झालाच नाही का?’ हा प्रश्न येणारच. इथे दोन बाजू आहेत. नहपानाच्या काळातले लेख नाशिकला ४१, ४२, ४५ या वर्षांचे आहेत आणि जुन्नरला ४६ चा. हे आकडे शकाचे धरले तर नहपान इ.स. १२४ मध्ये राज्यावर होता, म्हणजे त्याचा पराभव त्यानंतरचा, आणि शक तेव्हा ४६ वर्षांचा झालेला. बरेच दिवस हेच मत चालत आलं. अलीकडे काही नाणेतज्ज्ञ म्हणतात की हे आकडे शकाचे नाहीत. ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशाच्या पुस्तकात नहपानासारखं नाव येतं, ते पुस्तक पहिल्या शतकातलं, तेव्हा नहपान आधीचा आणि त्याचा शेवट ७८ च्या आसपास. हे मत बरोबर असेल तर मेसेजमधली तारीख जवळपास जुळते. जुळू दे. शेजारच्याचं लग्न झालं त्याच वर्षी मी घर बांधलं, म्हणून त्याच्या लग्नामुळे मी घर बांधलं असं होत नाही. गणना कोणी सुरू केली याचा पुरावा वेगळा लागतो, आणि तो सातवाहनांच्या बाजूला सापडत नाही.

जुनागढचा उल्लेख आला म्हणून आणखी एक सांगून टाकतो. रुद्रदामन त्या लेखात म्हणतो की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी, त्याला मी दोनदा उघड युद्धात हरवलं, पण जवळचं नातं असल्यामुळे संपवलं नाही. शिवाय तो आपल्या ताब्यातले देश मोजतो: आकरावंती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत. आता बलश्रीची यादी काढा. हीच नावं तिथेही आहेत! दोघांच्या लेखांत फार मोठं अंतर नाही. म्हणजे मुलखांची मालकी मध्ये बदलली. ‘शकांचा कायमचा नायनाट’ हे जे मेसेजमध्ये असतं, त्याला शकांच्याच बाजूचं हे उत्तर आहे. रुद्रदामनाची पण प्रशस्तीच, तोही फुगवूनच बोलणार. त्याला वेगळा न्याय नको. पण एका बाजूची प्रशस्ती छापायची आणि दुसऱ्या बाजूची दडवायची, याला बातमी म्हणत नाहीत.

आणि ते ‘परकीय, अत्याचारी शक’? दहा नंबरच्या लेण्यात जा. ते उषवदाताने दिलेलं आहे. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमच्या ठेवी म्हणून ठेवले, २,००० एका श्रेणीत आणि १,००० दुसरीत, आणि व्याजातून भिक्षूंना चीवर आणि इतर खर्च. व्याजाचे दरसुद्धा कोरून ठेवलेत. ब्राह्मणांना गाई दिल्या, घाट बांधले, नद्यांवर फुकट तरी ठेवल्या. तोही स्वतःचं कौतुकच करतोय, म्हणून त्यालाही मीठ लावून वाचा. पण मूळ ठेवीच्या रकमेत हात घालायचा नाही, फक्त व्याज वापरायचं, ही अट ज्याने दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर घातली, त्याला नुसता लुटारू म्हणणं जड जातं. आपल्या जिल्ह्यातल्या बँकांचे ठेवीदार माझं म्हणणं समजतील.

मागच्या वर्षी एकाने विचारलं, मग गुढी उभारायची नाही का? अहो, उभारा की. माझ्या घरी पण उभारतात. चैत्र शुद्ध प्रतिपदेला वर्ष बदलतं हे पंचांगाचं काम आहे, त्याला शिलालेखाची सही लागत नाही. भारत सरकारने १९५७ ला शक गणनाच राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठी घेतली, तीही हिशोबाला बरी पडते म्हणून.

हे सगळं आत्ताच लिहायला कारण सिंहस्थ आहे. २०२७ साठी शहरभर फलक लागतील, माहितीपत्रकं छापली जातील, गाइड तयार केले जातील. मजकूर कोण लिहिणार? घाईत कोणीतरी मोबाईलवरून उचलणार. लोखंडी फलकावर एकदा रंगवलं की पुढच्या सिंहस्थापर्यंत कोणी पुसत नाही, आणि अभ्यासिकांत बसलेली आपली पोरं तेच वहीत उतरवतात. ‘पांडवांनी कोरलेली लेणी’ हे आजही डोंगराच्या पायथ्याशी ऐकायला मिळतं. वरच्या दोन डझन लेण्यांत आणि त्यांतल्या एवढ्या लेखांत ती पांडवांनी कोरल्याचं कुठेच म्हटलेलं नाही. डोंगराचं नाव त्या लेखांत ‘तिरण्हु’ असं येतं, आजचं त्रिरश्मी.

फलकाला चार ओळी लागतीलच, तर या घ्या. फॉरवर्ड करायच्या असतील तर पाडव्यालाही चालतील:

हे लेणं राणी गौतमी बलश्रीने नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी भिक्षूंना दिलं. भिंतीवरच्या लेखात तिने मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरातांची सत्ता संपवल्याचं लिहिलं आहे. १९०६ साली जोगलटेंभीला सापडलेल्या, गौतमीपुत्राचा शिक्का मारलेल्या नहपानाच्या हजारो नाण्यांनी तिच्या म्हणण्याला दुजोरा मिळाला. शेजारच्या हुकुमात तिला ‘जिवसुता’ म्हटलं आहे, तो हुकूम सहा वर्षांच्या अंतराने दिलेल्या दोन हुकुमांपैकी दुसरा.